भिंतीवरचा नकाशा

५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून हे पत्र. दादा रोज बस घेऊन इकडे येतोच, त्याच्या हाती देते आहे. उत्तरही त्याच्याच हाती दे. कागदावर निदान एकीचं बोलून होईपर्यंत दुसरीला मध्ये तोंड घालता येत नाही.

काम असं आहे. आमच्या संस्थेला यंदा एका वस्तीला निधी द्यायचाय. तीन गल्ल्या निवडल्यात, त्यात आपली एक. जिचं स्वतःचं बळ जास्त दिसेल तिला तो मिळेल. तुझ्या पाळणाघराला पक्की खोली, मागे थोडं अंगण, हाताखाली एक बाई, हे सगळं त्यात बसतं. मी माहेरच्या गल्लीची बाजू घेते असं कोणी म्हणू नये, म्हणून माहिती गल्लीतल्याच कोणीतरी गोळा करायला हवी. ते कोणीतरी म्हणजे तू.

नियम एकच, पण तो पाळ. घरोघर जाऊन काय नाही ते विचारायचं नाही. काय आहे ते विचारायचं. कोणाला काय येतं, कोणाकडे काय पडून आहे, अडल्यावेळी लोक कोणाचं दार वाजवतात. ‘हे नाही, ते नाही’ आजवर सगळ्यांनी ऐकलं आणि कानामागे टाकलं. आहे ते एकदा नकाशावर मांडलं की माणसं ताठ उभी राहतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तू फटकळ आहेस हे खरं, पण गल्लीतलं एकही घर तुझ्या तोंडावर दार लावणार नाही. तेही बळच आहे. मांडून ठेव.

भिंगरीला आत्याकडून एक पापा. ती जागेवर सापडली तर.

तुझी नणंद

११ फेब्रुवारी

प्रिय नणंदबाई,

सासरी आल्यापासून तुमच्या घरचं पुष्कळ केलं, आता तुमच्या ऑफिसचंही करते. सोबतची पानं बघ.

लोकांना स्वतःला काय येतं ते सांगताच येत नाही, हे मला आत्ता कळलं. शिंपीकाका म्हणाले, मला मेल्याला काय येतंय. असं म्हणता म्हणता माझ्या पिशवीचा तुटलेला बंद त्यांनी शिवून दिला. किल्लीवाल्या काकूंकडे निम्म्या गल्लीच्या किल्ल्या असतात हे तुला माहीतच आहे. कामावर जाताना सगळे त्यांच्या दाराच्या मागे अडकवून जातात. पण कोणाचं म्हातारं माणूस घरात एकटं आहे, कोणाचा गॅस चालू राहिलाय, हेही त्यांच्याच डोक्यात असतं. गवंडीमामा गुडघ्यांमुळे कामावर जात नाहीत, पण थापी अजून उशाशी ठेवतात म्हणे. असं एकेक. मला वाटलं होतं दोन दुपारी पुरतील. बायका हात धरून बसवून घ्यायला लागल्या.

माझं पाळणाघर तू सगळ्यात वर घाल. मुलं माझ्याकडे असतात म्हणून ह्या गल्लीतल्या आया पॅकिंगच्या कारखान्यात पाळीला जाऊ शकतात. खोली बंद झाली तर निम्म्या घरांच्या चुली थंड होतील.

आणि तू नको म्हणालीस तरी शेवटचं पान ‘नाही’चं आहे. ती मागची दगडी भिंत, जिच्यावर वरचा रस्ता टेकलाय. वरची टाकी रोज सकाळी भरून वाहते आणि ते पाणी भिंतीच्या भोकांतून दिवसभर गल्लीत गळतं. प्रत्येकीने आपापल्या दारासमोरच्या भोकाखाली बादली लावलीय. माझ्या खोलीची मागची बाजू म्हणजे तीच भिंत, त्यामुळे आतल्या कोपऱ्यातही गळतं, सतरंज्या वाळत नाहीत, मुलं सदानकदा शिंकतात. हे कोणीतरी बघा. नियम तुझ्या घरी ठेव.

तुझी वहिनी

१६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझी पानं मी ऑफिसात मोठ्याने वाचली. पिशवीच्या बंदापाशी साहेबसुद्धा हसले. बाकीच्या दोन गल्ल्यांतून नुसते आकडे आलेत, तुझ्याकडून माणसं आली.

शेवटचं पान मी काढून ठेवलं. रागावू नकोस. गळकी भिंत म्हणून गेलं की ती गल्ली ‘अडचणीची’ ठरते आणि फाईल दुसऱ्याच टेबलावर जाते.

पण त्याच भिंतीवरून मला एक कल्पना सुचली. नकाशा कागदावर कशाला? भिंतीवरच रंगवू. गल्लीतलं प्रत्येक घर, त्यात राहणारं माणूस आणि त्याला जे येतं ते, चित्रात. समिती येईल ती गल्लीच्या तोंडाशीच थबकेल. दगड खडबडीत आहेत, रंग बसणार नाही, तेव्हा आधी गिलावा करावा लागेल. सिमेंट आणि रंग संस्था पाठवते. गवंडीमामांना सांग, थापी उशाखालून काढा. आणि गिलावा झाला की तुझी गळतीही बंद. एका कामात दोन कामं.

मी हे लिहिताना किती खूश आहे ते तुला दिसायला हवं होतं.

तुझी नणंद

३ मार्च

प्रिय नणंदबाई,

नकाशा झाला. ये आणि बघून जा.

गवंडीमामांनी गुडघ्यांना फडकी बांधून सगळी भिंत गुळगुळीत केली. भोकंबिकं सगळी बुजवली, म्हणाले एवढाही खड्डा दिसला तर माझं नाव बदला. रंगवायला गल्ली लोटली होती. शिंपीकाकांना आपलं यंत्र उजवीकडे हवं होतं आणि चित्रात ते डावीकडे आलं, म्हणून दोन दिवस ते माझ्याशी बोलत नव्हते. काकूंच्या चित्रात किल्ल्या किल्ल्याच. त्या येताजाता तिथे थांबतात आणि कोणी बघत नाही ना बघून चित्रावरची धूळ पुसतात. तू म्हणाली होतीस माणसं ताठ होतात. होतात गं. मी तुझ्या नियमाला नाक मुरडलं होतं ते परत घेते.

उरलेलं सिमेंट बघून मी म्हटलं, मामा, माझ्या खोलीत आतूनही मारून द्या. दिलं त्यांनी. आज किती वर्षांनी फरशी कोरडी आहे. भिंगरीचं अंथरूण आता त्याच कोपऱ्यात घालते, पंखा तिथे बरा लागतो आणि दारातून ऊन येत नाही. दुपारभर सगळी मुलं गपगार झोपतात. बादल्या सगळ्यांच्या घरात गेल्या.

तुझ्या भावाने बस थांबवून नकाशा बघितला. त्याच्या चित्रात बसचं चाक चौकोनी झालंय, पण तो हॉर्न वाजवून पुढे गेला.

तुझी वहिनी

१९ मार्च

नणंदबाई,

एक विचारायचंय. रंग फुटतो का? नकाशाच्या मधोमध एक चीर गेलीय, आमच्या घरापासून निघून शिंप्याच्या यंत्रातून वर. गवंडीमामा म्हणतात नवा गिलावा सुकताना तडकतोच, त्यात काही नाही. मी बोट फिरवून बघितलं तर एक कड दुसरीपेक्षा वर आलीय.

दुसरं, माझ्या खोलीचं दार दोन दिवस घासतंय. तुझ्या भावाने रंधा मारला. आज परत घासतंय.

आणि तिसरं असं, की वरची टाकी रोज वाहते आहे, आवाज येतो. मग ते पाणी जातं कुठे? मी कोणाला विचारलं की म्हणतात, आता गळत नाही तर तेही खुपतं का तुला.

कळव.

तुझी वहिनी

२० मार्च

प्रिय वहिनी,

घाईत लिहिते आहे. समिती गुरुवारी, २८ तारखेला येते. आधी आपली गल्ली. चीर पुट्टी भरून रंगवून घे, चित्रात चीर बरी दिसणार नाही. दाराचं म्हणशील तर आपल्या घरातलं एक तरी दार कधी नीट लागलंय का?

त्या दिवशी पाळणाघर भरलेलं हवं. सगळी मुलं, कोपऱ्यापर्यंत. समितीला तेच बघायचंय. आता ऐन वेळी खुसपट काढू नकोस, माझ्याने होणार नाही.

तुझी नणंद

२५ मार्च

नणंदबाई,

काल फोनवर तू मला बोलू दिलं नाहीस आणि मीही तुला नको ते बोलले. आता शांतपणे लिहिते, तूही शांतपणे वाच.

भिंत फुगली आहे. चित्र नाही, भिंत. मी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी धरली. मध्ये सुतळी भिंतीला घासते आणि दोन्ही टोकांना हात जाईल एवढी फट राहते. मी गवंडीमामांना दाखवलं. ते म्हणाले, सुतळी तू वाकडी धरलीस. मग त्यांनी स्वतः धरली आणि सुतळी गुंडाळून घरी गेले. त्यांनीही जर कबूल केलं तर त्यांचं काम वाईट ठरतं, हे मला कळतं.

मी आयांना म्हटलं, काही दिवस मुलं दुसरीकडे ठेवू. त्या माझ्यावरच उलटल्या. समिती येणार आणि पाळणाघर रिकामं दाखवणार? एवढं हातातोंडाशी आलेलं घालवशील. एक जण म्हणाली, भिंत वाईट आहे असं बाहेर गेलं तर नगरपालिका गल्लीच उठवेल, मग तुझं पाळणाघर डोंबलाचं चालवशील? तिचंही चूक नाही. खालच्या वाडीतल्यांना असंच हलवलं, शहराबाहेर, जिथून कामाला जायचं म्हणजे अर्धा दिवस.

मुलं रोज येतायत. मी त्यांना त्या भिंतीशी झोपवते आहे आणि दुपारभर भिंतीकडे बघत बसते. मला भीती वाटते. तुमच्याकडे शिकलेली माणसं आहेत, इंजिनिअर आहे. त्याला विचार आणि मला सरळ सांग, खोली उघडू की नको. गोडगोड नको.

वहिनी

२६ मार्च

वहिनी,

विचारलं. त्याला मी नकाशाचा फोटो दाखवला, गिलाव्याआधीचाही दाखवला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, ह्या भोकांचं काय केलंत? मी म्हटलं, बुजवली. त्याने फोटो खाली ठेवला आणि मला समजावलं. ती भोकं गळत नव्हती, वहिनी, ती भिंत मागचं पाणी बाहेर टाकत होती. तेच तिचं काम. आता टाकीचं पाणी रोज आत साठतंय आणि भिंतीला पुढे रेटतंय.

कल्पना माझी होती. शेवटचं पान मीच काढलं होतं.

पण हेही ऐक. त्याने लेखी दिलं तर नगरपालिकेला कळवावंच लागतं आणि मग सगळी गल्ली रिकामी करण्याची नोटीस लागू शकते. मी त्याला हात जोडून गुरुवारपर्यंत थांबवलंय. दोनच दिवस. एवढे दिवस उभी राहिली ती भिंत दोन दिवस उभी राहील. मुलांना दाराकडच्या बाजूला झोपव, कोपऱ्यात नको. समिती येऊन जाऊ दे, त्याच संध्याकाळी मी स्वतः येते, आपण भोकं उघडू. निधी मिळाला तर भिंत बांधायलाही त्यातूनच पैसे निघतील. नाही मिळाला तर कोणीच काही देणार नाही.

मला शिव्या दे, पण दोन दिवस दे.

तुझी नणंद

२७ मार्च, दुपार

तुझं पत्र तुझ्या भावाने सकाळी दारात दिलं. आया मुलं सोडायला येत होत्या. मी उभ्याउभ्या वाचलं आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तुला कळलं होतं. कळल्यावर तू मला लिहिलंस, दाराकडच्या बाजूला झोपव.

मी दार ओढून घेतलं आणि उंबऱ्यात बसले. म्हटलं, आज एकही मूल आत जाणार नाही. गलका झाला. पाळीची वेळ होत आली होती. मी तुझं पत्र मोठ्याने वाचलं, भोकांपासून दोन दिवसांपर्यंत सगळं. मग किल्लीवाल्या काकू आत गेल्या आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन आल्या. त्यांनी उघडली ती घरं मला माहीतच होती, मीच तर विचारत फिरले होते. ज्या म्हाताऱ्यांना रडणारं मूल खांद्यावर घेता येतं त्यांच्याकडे तान्ही. शिंपीकाकांकडे हुंदडणारी, ते चिंध्यांत गुंतवून ठेवतात. भिंगरीला काकूंनी स्वतःकडे नेलं. आया कामाला गेल्या. भिंतीवरच्या चित्राकडे कोणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

मग मी हातोडा आणला. गवंडीमामा आडवे आले. म्हणाले, उद्या समिती आणि आज भिंत फोडतेस? सगळ्यांचं वाटोळं करशील. मी म्हटलं, बाजूला व्हा नाहीतर तुमच्या पायावर मारीन. मारलाच असता. मी इतकी घाबरले होते की दुसरं काही सुचत नव्हतं.

चार ठिकाणी गिलावा फोडला, आत नुसता दगड. इतकं गुळगुळीत केलं होतं की भोकं कुठे होती ते कोणालाच दिसेना. मामांनाही आठवेना. तेव्हा शेजारची म्हणाली, माझी बादली इथे असायची. तिने पाय ठेवून दाखवला. दुसरी आपल्या दारासमोर जाऊन उभी राहिली, मग तिसरी. प्रत्येकीला आपल्या बादलीची जागा पाठ होती. मी पहिल्या जागेवर मारलं तर चिखल आला आणि मागून पाणी, काळं, पिचकारीसारखं. मामांनी माझ्या हातातून हातोडा घेतला. म्हणाले, तू सांग, मी फोडतो. त्यांच्या डोळ्यांना पाणी होतं, पण हात सरळ पडत होता. शिंपी, किल्ल्या, बस, एकेक करून सगळं चित्र खाली आलं. गल्लीतून घोट्याएवढं पाणी वाहिलं.

माझ्या खोलीच्या आतलं भोक राहिलं होतं. मामा म्हणाले, आधी बाहेरचा दाब उतरू दे. आम्ही दाराशी उभे होतो तेवढ्यात आतला कोपरा खाली आला. फार मोठा आवाज झाला नाही. पोतं टाकावं तसा. धूळ बसल्यावर मी आत बघितलं. भिंगरीच्या अंथरुणावर दगड होते. दाराकडच्या बाजूलाही होते.

दोन दिवस, म्हणाली होतीस. दोन तास आम्हाला मिळाले नसते.

तुझा भाऊ संध्याकाळच्या फेरीसाठी थांबलाय, त्याच्या हाती हे देते. उद्या समितीला काय सांगायचं ते तू ठरव. आमच्याकडे दाखवायला एक पडलेली खोली आहे आणि ओला रस्ता.

२९ मार्च

वहिनी,

काल समिती तुमच्याकडे यायच्या आधी मी त्यांना ऑफिसातच बसवलं आणि तुझं पत्र वाचलं. मग माझंही, दोन दिवस दे ते. तू गल्लीत वाचलंस तर मला इथे वाचायला लाज कसली.

निधी दुसऱ्या गल्लीला गेला. त्यांचं खरं होतं, पडक्या भिंतीखाली बांधकामाला पैसे देता येत नाहीत. इंजिनिअर तुमच्याकडे येऊन गेला ते तुला ठाऊकच आहे. त्याने लेखी दिलं, पण गल्ली उठवा असं दिलं नाही. पाणी निघून गेल्यामुळे उरलेली भिंत धरून राहील, पाळणाघराची खोली तेवढी रिकामी ठेवा आणि टाकीचं वाहणं आठवड्यात बंद करा, असं दिलं. तो मला जिन्यात म्हणाला, अजून एक दिवस गेला असता तर मी ह्याहून वेगळं लिहिलं असतं.

मला झोप येत नाही. डोळे मिटले की ते अंथरूण दिसतं, न बघितलेलं. तू माझ्यावर रागावली आहेस का, हे विचारण्याचंही तोंड नाही, पण विचारते. तिकडे यावंसं वाटतं. भिंगरीसमोर कशी उभी राहू?

तुझी नणंद

३१ मार्च

नणंदबाई,

राग आलाय का विचारतेस. आलाय. साधासुधा नाही. भाजी चिरताना येतो, मुलं झोपली की येतो. तू आपली आणि तुला कळलेलं होतं, म्हणून जास्त येतो. निम्मा माझा माझ्यावर आहे. आतून गिलावा मीच मारून घेतला आणि कोरड्या फरशीवर खूश होऊन पोरीला तिथे झोपवलं. त्यामुळे तुझ्यावरचा काही कमी होत नाही.

निधीचं आयांना सांगितलं. दोघी रडल्या. एक मला टोचून बोलली, तिला मी उलट बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच पहिली आपलं मूल घेऊन दारात. पाळणाघर बंद नाही. खोली नाही म्हणून मुलं घरोघर फिरतात, आता आठवडाभर एकेका घरी ठेवायचं ठरलंय. सगळ्यांच्या घरात खेळण्यांचा कचरा झालाय आणि कोणी कटकट करत नाही. गवंडीमामा रोज सकाळी भिंतीशी जातात, पाणी येतंय ना बघतात, हात ओला करून येतात. त्यांच्याशीही मी अजून नीट बोलत नाही. चहा मात्र देते.

भिंगरीला काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तिला एवढंच कळलंय की तिचं अंथरूण खराब झालं आणि आत्या नवं आणणार आहे. हे मी तुला न विचारता कबूल केलंय.

उद्यापासून मुलं आपल्या घरी आहेत. तुझा भाऊ बसवर असतो आणि मला एकटीला आवरत नाहीत. माझा राग जायची वाट बघत तिकडे बसून राहिलीस तर बसूनच राहशील. तो लवकर जायचा नाही. राग असतानाच ये.

वहिनी